जीपीएक्स फाइल आणि चढाचा आलेख: सामूहिक राइडची फाइल देण्याआधी काय काय तपासायचं?

कन्हानकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मागच्या हिवाळ्यात आपण नागपूर ते कुरई घाट आणि परत अशी २०० किमीची राइड केली तिची जीपीएक्स फाइल (सायकलवरच्या जीपीएस डिव्हाइसला रस्ता सांगणारी) मी बनवली होती हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. त्या दिवशी काय झालं ते मी आजवर नीट लिहिलं नाही. पुढची राइड ठरते आहे, तर त्याआधी लिहून टाकतो, सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

झिरो माइलवरून पहाटे साडेपाचला निघालो, कामठी, कन्हान, टेकाडीपर्यंत सगळे बरोबर होते, मग नेहमीप्रमाणे ग्रुप लांबला आणि पुढचे आणि मागचे यांच्यात दहा-बारा किमीचं अंतर पडलं. मनसरच्या अलीकडे सात जणांच्या डिव्हाइसने हायवे सोडून आत वळायला सांगितलं. सगळ्यांकडे एकच फाइल, मीच व्हॉट्सॲपवर टाकलेली, पण बाकीच्यांची डिव्हाइस सरळ जा म्हणत होती आणि या सातांची वळा म्हणत होती. सहा जण दोन-तीनशे मीटरवरून परत फिरले. आपले एक काका, वय ६३, एकटे होते, मागे कोणी नव्हतं, त्यांनी फाइलवर विश्वास ठेवला आणि नहराच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्याने चार किमी आत गेले. तिथे पुढचं टायर गेलं, ट्यूब बदलली तर तीही गेली कारण टायरमध्ये बाभळीचा काटा तसाच होता, आणि मोबाइलला रेंज नाही. दीड तास तिथेच. एका शेतकऱ्याने बाइकवरून मनसरला आणून सोडलं तेव्हा कुठे फोन लागला. काका मला एक शब्द बोलले नाहीत, उलट "होतं असं" म्हणाले, पण मला ते लागलं, अजून लागतं.

घरी येऊन फाइल नोटपॅडमध्ये उघडली. जीपीएक्स म्हणजे साधी मजकुराची फाइल असते, कुठल्याही मोबाइल-लॅपटॉपवर उघडते. त्यात दोन प्रकारे रस्ता लिहिता येतो, ट्रॅक आणि रूट. ट्रॅक असेल तर आत ओळीमागून ओळ टीआरकेपीटी दिसतं, दर काही मीटरवर एक बिंदू, म्हणजे रेघ पक्की, डिव्हाइस त्याच रेघेवरून नेतं. रूट असेल तर आरटीईपीटी दिसतं, आणि ते बिंदू मोजकेच असतात, माझ्या फाइलमध्ये २०० किमीसाठी फक्त ३८ होते. मधला रस्ता प्रत्येक डिव्हाइस आपल्या नकाशावरून आणि आपल्या सेटिंगवरून स्वतः काढतं. ज्यांच्याकडे "मोठे हायवे टाळा" चालू होतं त्यांना नहराचा रस्ता मिळाला. एक्स्पोर्ट करताना मी चुकीच्या पर्यायावर बोट ठेवलं होतं, एवढंच. माझ्या स्वतःच्या डिव्हाइसवर सगळं बरोबर दिसत होतं म्हणून मला शंकाही आली नाही.

दुसरी गोष्ट चढाची. त्या राइडचा एकूण चढ मी १३१० मीटर लिहिला होता कारण ज्या साइटवर मी रस्ता काढला तिने तेवढा सांगितला. राइड झाल्यावर कोणाकडे ८६०, कोणाकडे ९९०, एकीकडे ११४०. दोन नवीन मुली १३१० वाचूनच आल्या नाहीत, हे मला नंतर कळलं. एकच रस्ता, एकच दिवस, आणि आकडे इतके वेगळे काहून, हे कोणी समजावून सांगेल का? आणि फाइल देण्याआधी आपण सगळ्यांनी मिळून काय तपासायचं हे ठरवू या, माझी कळकळीची विनंती आहे.

---

सावजी_सायकल

भाऊ तुम्ही मनाले लावून घेऊ नका, पण धागा काढला ते बेस केलं. मी त्या सातातला एक. माह्या डिव्हाइसनं वळ म्हटलं, मी वळलो, पन्नास मीटरवर गेल्यावर मले वाटलं का इथून ट्रक-गाड्या काहीच जाऊन नाही राहिल्या, हायवे तं तिकडं ऐकू येऊन राहिला, मंग वापस फिरलो. पण हे मले समजलं कारण तो रस्ता माह्या पायाखालचा आहे. भंडाऱ्याहून की यवतमाळहून आलेला माणूस काय करन?

माह्यं म्हणणं एकच, फाइल ज्यानं बनवली त्यानं ती फाइल लावूनच तो रस्ता एकदा सायकलनं पाह्यला पाह्यजे. कारनं नाही. कारमध्ये मुरूम काय अन् डांबर काय, काही समजत नाही.

---

नकाशेवाली

चढाच्या आकड्याबद्दल लिहिते, माझं रोजचं काम याच प्रकारचं आहे. थोडं लांब होईल, पण वाचा.

साइटवर रेघ काढली की साइट त्या प्रत्येक बिंदूची उंची एका तयार उंचीच्या जाळ्यातून उचलते. यातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं जाळं म्हणजे एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवसांत रडारने मोजलेलं. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचे चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. आता आपल्या रस्त्यावर हे लावून बघा. मनसरच्या पुढे चोरबाहुली, देवलापार, खवासा हा सगळा सागाच्या जंगलातून जाणारा रस्ता, चौकोनात रस्ता दहा-वीस मीटर आणि बाकी झाडं, रडारला झाडांचे शेंडेही लागतात. म्हणून सपाट रस्ता सुद्धा जाळ्यात खालीवर खालीवर दिसतो. शिवाय २००० साली तिथे आजचा चौपदरी रस्ता नव्हता, वन्यप्राणी खालून जावेत म्हणून बांधलेले ते लांब पूल नव्हते. पूल आज ज्या ओढ्यावरून सरळ जातो तिथे जाळं अजून ओढ्यात उतरतं आणि परत चढतं. तुम्ही पुलावर एक मीटर पण चढलेला नसता आणि फाइल तुमच्या नावावर दहा मीटर लावते.

आता बेरीज. एकूण चढ काढताना फक्त वर जाणारे तुकडे मिळवतात, खाली येणारे वजा होत नाहीत, त्यामुळे चूक कधीच एकमेकांत कटत नाही, साचतच जाते. समजा १०० किमी एकदम सपाट रस्ता आहे आणि दर १० मीटरला एक बिंदू, म्हणजे १०,००० बिंदू. उंचीत नुसता २० सेंटीमीटरचा खालीवर आवाज (म्हणजे मोजण्यातला खोटा चढउतार) असेल, एक बिंदू वर एक खाली, तर ५,००० वेळा २० सेंटीमीटर चढ, झाले १,००० मीटर! सपाट रस्त्यावर! म्हणून प्रत्येक साइट आवाज कमी करायला काहीतरी चाळणी लावते, कोणी दोन-तीन मीटरपेक्षा कमी चढ मोजतच नाही, कोणी बिंदूंची सरासरी काढतं, आणि प्रत्येकाची चाळणी वेगळी. म्हणून तुमचा १३१०.

डिव्हाइसचं वेगळंच आहे. ज्यात बॅरोमीटर आहे ते हवेच्या दाबावरून उंची काढतं, १ हेक्टोपास्कलला (हे दाबाचं माप) साधारण साडेआठ-नऊ मीटर. लहान चढउतारासाठी हे फार चांगलं. पण आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या आसपास सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या आसपास सगळ्यात कमी असतो, फरक तीन-चार हेक्टोपास्कल. म्हणून सकाळी निघून दुपारी परत आलात की त्याच चौकात डिव्हाइस पंचवीस-तीस मीटर जास्त उंची दाखवतं. ते बिघडलेलं नसतं, दिवस पुढे सरकलेला असतो. आणि घामाने किंवा पावसाने त्याचं छोटं भोक बंद झालं तर मग काहीही दाखवतं.

नागपूरकरांची एक सोय मात्र फार मोठी आहे. आपण निघतो तिथेच, झिरो माइलला, १९०७ चा ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेचा बेंचमार्क, म्हणजे मोजलेल्या उंचीचा खुणेचा दगड आहे, उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळजवळ ३११ मीटर. निघण्याआधी सगळ्यांनी डिव्हाइसमध्ये ३११ टाकायचं. किती शहरांना असा दगड सुरुवातीच्या रेषेवर मिळतो?

---

घाटाचीभीती

ताई खूप छान समजावलंत. कन्हानकाठ दादा, १३१० वाचून न आलेल्या दोघींतली एक मी. 🙏 तुमच्यावर राग नाही अजिबात. मला एकच कळत नाही, आलेख बघून घाट मला जमेल की नाही हे ओळखायचं कसं? मोबाइलवर तो कुरई घाट अक्षरशः भिंतीसारखा दिसत होता. माझी हायब्रिड आहे, पुढे सगळ्यात लहान चक्र ३४ दातांचं आणि मागे सगळ्यात मोठं ३२.

---

नकाशेवाली

@घाटाचीभीती, ती भिंत कागदाची आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर मोजपट्टी ठेवून मोजून बघ. २०० किमी तुझ्या स्क्रीनवर ७ सेंटीमीटरमध्ये बसवलेत, म्हणजे १ सेंटीमीटर आडवा म्हणजे साडेअठ्ठावीस किमी. आणि उभा ३०० मीटरचा फरक ३ सेंटीमीटरमध्ये ताणलाय, म्हणजे १ सेंटीमीटर उभा म्हणजे १०० मीटर. उभं माप आडव्यापेक्षा जवळजवळ २८५ पट ताणलेलं आहे. असं ताणलं तर फुटाळा तलावाचा बांधसुद्धा सुळक्यासारखा दिसेल.

आलेखाचा आकार बघायचाच नाही. चढाच्या पायथ्यावर बोट ठेव, किमी आणि उंची लिहून घे, माथ्यावर बोट ठेव, तेच लिही. उंचीतला फरक भागिले अंतर. २ किमीमध्ये १०० मीटर चढत असेल तर ५ टक्के. मग झूम करून त्या २ किमीतला सगळ्यात वाईट ५०० मीटरचा तुकडा शोध, पाय तिथेच थांबतात. पण १०० मीटरपेक्षा लहान तुकड्याचा टक्का धरू नकोस, तिथे मघाशी सांगितलेला आवाज बोलतो, १४ टक्के वगैरे दाखवतो आणि रस्त्यावर तसलं काही नसतं.

तुझं गिअर ३४-३२ म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाक एका फेरीपेक्षा थोडंसंच जास्त फिरतं, सव्वादोन मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यास तर ताशी ८ किमी. आरामात बसून चढशील, कोणी मागे लागलं तरी वेग वाढवू नकोस एवढंच.

आणि निव्वळ हिशेब बघ, नागपूर ३१० च्या आसपास, सिवनी ६०० च्या थोडं वर. आपण सिवनीच्या बरंच अलीकडून परत फिरतो. शंभर किमीत तीनशे मीटरच्या आतच वर जायचंय, बाकी सगळे मधले लहानमोठे हेलकावे.

---

घाटाचीभीती

ताई मी पट्टी घेऊन खरंच मोजलं आत्ता, ६.८ सेंटीमीटर निघाले 😀 यावेळी नाव देते आहे.

---

तर्रीपोहे

शहरातलाच एक मुद्दा राहिला. एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक आता वर उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो. आपण खालच्या रस्त्याने जातो तेव्हा डोक्यावर दोन मजले सिमेंट, सॅटेलाइट दिसत नाही, लाटा खांबांवर आपटून येतात, माझी त्या भागातली रेकॉर्ड केलेली रेघ बघाल तर इंदोऱ्याच्या घरांवरून उडी मारत गेल्यासारखी आहे. असं रेकॉर्डिंग कोणी फाइल म्हणून वाटलं तर प्रत्येकाचं डिव्हाइस तिथे "रस्ता सोडला" म्हणून टूं टूं करत राहील, आणि पहाटे अंधारात लोक खाली स्क्रीनकडे बघत राहतील, शेजारून ट्रक. त्यापेक्षा शहरातला तेवढा तुकडा हाताने नकाशावर काढा आणि खालच्याच रस्त्यावर काढा, वर काढला तर वळणाच्या सूचना पुलाच्या येतात.

वर्धा रोडला पण तेच आहे, बुटीबोरीकडची राइड बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

---

जुनाफ्रेमवाला

मी ५८ वर्षांचा आहे, सायकल ३५ वर्षं चालवतो आहे, आणि मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सांगाविशी वाटते. फाइल हवीच, मी पण वापरतो. पण त्यासोबत एक कागद द्या. एका पानावर मोठ्या अक्षरात, किमी ०, किमी १६ कामठी, मग कन्हानचा पूल, मग मनसरला रामटेकचा फाटा, "रामटेककडे वळायचं नाही, सरळ", असं. प्लास्टिकच्या थैलीत घालून टॉप ट्यूबला (सीटपुढच्या आडव्या दांड्याला) टेपने चिकटवायची. बॅटरी संपत नाही, रेंज लागत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो कागद वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात रस्ता आधीच तयार असतो. काकांच्या हातात त्या दिवशी असा कागद असता आणि त्यावर "मनसरपर्यंत हायवे सोडायचा नाही" एवढी एक ओळ असती तर ते वळलेच नसते.

लोक रस्त्याकडे बघत नाहीत हो आजकाल. समोर पाटी असते, मैलाचा दगड असतो, आणि हे स्क्रीनला विचारतात.

---

रात्रीचीबत्ती

काका, कागदाला +१. मी दोन-तीन ठिकाणी ब्रेव्हेच्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या) स्वयंसेवकांमध्ये काम केलंय तर त्या अनुभवावरून.

२०० किमीच्या ब्रेव्हेला (बीआरएम) साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास मिळतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण मधल्या प्रत्येक कंट्रोललाही (हजेरीच्या थांब्यालाही) बंद व्हायची वेळ असते, साधारण ताशी १५ किमीच्या हिशेबाने. आपल्या राइडला ब्रेव्हेचा शिक्का नसला तरी तोच हिशेब धरा. साडेपाचला निघालं की १०० किमीचा परतीचा बिंदू १२ वाजून १० मिनिटांनी बंद. ही वेळ फाइलमधल्या बिंदूच्या नावातच लिहा. मग चढावर दमलेल्या माणसाला मनात भागाकार करावा लागत नाही. आणि नावं लहान ठेवा आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा, मला मराठीच आवडलं असतं, पण काही डिव्हाइसवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात, पहाटे कोणाला चौकोन वाचता येणार.

दुसरं, बिंदू रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते फार महत्त्वाचं. चौपदरी रस्ता, मध्ये डिव्हायडर. चहाचा ढाबा जाताना उजवीकडे आहे आणि तुम्ही तिथे बिंदू ठेवला तर लोक सायकल उचलून डिव्हायडर ओलांडतात, किंवा पुढच्या कटपर्यंत जाऊन उलट्या दिशेने येतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न दाबून धरला होता, आणि तो मुलगा सायकल डोक्यावर घेऊन मधोमध उभा. जातानाचा थांबा डावीकडचाच पाहिजे, येतानाचाही डावीकडचा.

---

कन्हानकाठ

वाचतोय सगळं, एकेक प्रतिसाद वहीत उतरवून घेतोय. रात्रीचीबत्ती, तुमचा मुद्दा वाचून जुनी फाइल पुन्हा उघडली, देवलापारचा थांबा मी उजवीकडेच ठेवला होता. बदलला.

अजून एक विचारायचं होतं, परतीच्या वेळी तीन जणांच्या डिव्हाइसने कुरईवरून निघाल्या निघाल्या "राइड संपली, ० किमी बाकी" की काय असं दाखवलं, ते कशामुळे?

---

सावजी_सायकल

हे मले माहीत आहे! जाणं-येणं एकाच रस्त्यानं असलं का दोन्ही रेघा एकमेकीवर बसतात, डिव्हाइसले समजत नाही का तुम्ही कोणत्या रेघेवर आहा. कधी ते पुढची रेघ पकडते, कधी मागची, कधी सुरुवातीलेच शेवटाचा बिंदू जवळ दिसते मंग राइड संपली म्हणते. आम्ही उमरेडकडची राइड करतो तेव्हा दोन फाइली देतो, एक जायची, एक यायची. परतीच्या जागी चहा पेता पेता दुसरी लावायची. लय सोपं काम होते. चढाचा हिशेबही वेगळा वेगळा समजते, जातानी चढ, येतानी उतार, एकाच आकड्यात घोळ नाही.

---

नकाशेवाली

सावजीभाऊ अगदी बरोबर. आणि दोन फाइल केल्या की प्रत्येकात बिंदूही निम्मे, जुन्या डिव्हाइसना बिंदूंची मर्यादा असते, ती ओलांडली की कोणतं डिव्हाइस शेवटचा भाग कापतं, कोणतं स्वतःच बिंदू गाळतं आणि मग वळणं कोपऱ्यावरून सरळ कापली जातात, सूचना वळण संपल्यावर येते.

अजून एक, फाइल पाठवण्याआधी तिच्यात उंची आहे का तेही बघा. नोटपॅडमध्ये प्रत्येक बिंदूखाली ईएलई अशी ओळ असते. ती नसेल तर बऱ्याच डिव्हाइसवर घाटाचा आलेखच येत नाही, आणि चढ किती उरला हे शेवटपर्यंत कळत नाही. घाटात तेच तर बघायचं असतं. आणि घरच्या रेकॉर्डिंगची फाइल वाटणार असाल तर सुरुवातीचा तुकडा कापा, आपल्या दारापासूनची रेघ दोनशे लोकांना कशाला द्यायची.

---

घाटाचीभीती

आणि आकडा लिहायचाच असेल तर असा लिहाल का, "चढ साधारण ९०० ते १०००, मागच्या वेळच्या डिव्हाइसवरून, सगळ्यात मोठा चढ कुरईच्या पुढे इतके किमी, सरासरी इतके टक्के, पायथ्याला पाणी भरून घ्या"? माझ्यासारखीला तेवढं पुरतं. नुसता एक मोठा आकडा नको.

---

कन्हानकाठ

लिहीन, अगदी याच शब्दांत लिहीन.

तर असं करतो. दोन फाइल बनवल्यात, ट्रॅकच्या, दोन्ही नोटपॅडमध्ये उघडून पाहिल्या, टीआरकेपीटी आहे, ईएलई आहे. एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह हाताने काढलं, खालून. थांबे डावीकडचे, वेळा नावात. कागद आज रात्री टाइप करतो, जुनाफ्रेमवाला काका तुम्ही एकदा नजर टाका. चढाचा आकडा अजून लिहिला नाही, तो फिरून आल्यावरच लिहीन.

येत्या रविवारी पहाटे पाचला झिरो माइलला भेटू. खवासापर्यंत जाऊन परत, हीच फाइल लावून, वेगवेगळी डिव्हाइस असलेले जितके येतील तितके बरे. ज्यांच्या डिव्हाइसमध्ये "हायवे टाळा" चालू आहे त्यांनी ते चालूच ठेवून या, मला तेच बघायचंय. काकांना फोन केला होता. ते म्हणाले मी येतो, आणि मनसरच्या अलीकडे त्या वळणावर माझं डिव्हाइस काय म्हणतं ते मला स्वतः ऐकायचं आहे.

---

सावजी_सायकल

मी आहो. दोन ट्यूब, पंप अन् काटा काढाले चिमटा घेऊन येतो.

---

तर्रीपोहे

मी पण. ३११ लिहून ठेवलं.